प्रलंबितही नाही, नामंजूरही नाही

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाड्यावरचे 31 वनहक्क दावे (वन हक्क कायद्याखाली, कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागणारे अर्ज) नामंजूर झालेत, सगळ्यांना कारण एकच, ‘पुरावा अपुरा’. आता मंत्र्यांना असं निवेदन द्यायचंय की सरकारने धोरणच बदलावं, आणि मजकूर कसा लिहावा ते विचारलंय. दहाएक वर्षांपूर्वी मी हेच विचारत दारोदार फिरलोय, म्हणून लांबलचक लिहितो. मी वकील नाही. ग्रामसभेचा ठराव, वनहक्क समिती, दाव्याचे नमुने हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो.

मजकुराची काळजी करू नका. मंत्र्यांच्या हाती निवेदन देतानाचे फोटो आमच्याकडेही चार आहेत.

आम्ही मार खाल्ला तो वेगळ्याच ठिकाणी. 2015 साली आमचे 38 दावे तयार होते. एका कार्यालयातल्या (नाव घेत नाही, अजून तिथं कामं पडतात) कारकुनाने सांगितलं, झेरॉक्स चालत नाही, मूळ कागद आणा, पडताळून परत देतो. आम्ही खताच्या रिकाम्या गोणीत गठ्ठा गुंडाळून भर पावसात नेला. त्यात एका आजोबांची दंडाची पावती होती, 1987 ची, 25 रुपयांची. आजीच्या लुगड्याच्या घडीत जपलेली, कडेला हळदीचा डाग. वनखात्याच्या गार्डने ‘अतिक्रमण’ म्हणून फाडलेली ती पावती आता 13 डिसेंबर 2005 च्या, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या तारखेच्या, आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा ठरणार होती. आजोबा म्हणायचे, पंचवीस रुपयांत सातबारा घेतलाय मी.

पोच मागितली तर म्हणाले, शिक्का साहेबांच्या केबिनमध्ये आहे, साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. शेवटची एसटी साडेचारची. गठ्ठा तिथंच ठेवून आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी भाताची लावणी होती, कोणी गेलंच नाही. एवढीच चूक.

मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंतचा शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, आम्ही पाड्यावरचे सहा जण त्यात चाललो. दहावीच्या मुलांची परीक्षा बुडू नये म्हणून शेवटचा टप्पा रात्री चालून 12 तारखेला आझाद मैदानात पोचलो. सरकारने लेखी आश्वासन दिलं, प्रलंबित दावे सहा महिन्यांत निकाली काढू. म्हणजे धोरणावर परिणाम झाला की नाही? झाला. आम्ही नाचत घरी आलो. मग कार्यालयात गेलो तर कारकून बदललेला, आवक रजिस्टरात आमची नोंदच नाही. आमचे दावे प्रलंबितही नव्हते आणि नामंजूरही नव्हते.

2020 च्या मे महिन्यात तेच पुन्हा झालं. राज्यपालांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले (आदिवासी भागांसाठीचे) अधिकार वापरून, दाव्यांचा निकाल देणाऱ्या जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावर विभागीय समितीकडे अपील करायची सोय केली. चांगला बदल, पुष्कळ संघटना त्यासाठी झटल्या होत्या. पण अपील करायला आधी नकार तरी हातात हवा ना! तोपर्यंत आजोबाही गेले होते. कायद्यात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, आणि ओहळापलीकडच्या जुन्या जमिनी कोणाच्या हे सांगणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्यांचा अंगठा उठवलेला कागदही त्याच गठ्ठ्यात होता.

तर तुमच्याबद्दल. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. मंत्र्यांकडे जायच्या आधी एक तक्ता करा: दाव्याचा क्रमांक, कधी दिला, पोच आहे का, नामंजुरीचं पत्र हातात मिळालं का, त्यात कारण नेमकं कोणत्या शब्दांत आहे. वन हक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे नामंजुरी दावेदाराला कळवावी लागते, कारणं द्यावी लागतात, आणि दाद मागायला 60 दिवस मिळतात. आम्ही नव्याने दावे केले तेव्हा 27 जणांना एकाच वाक्याची झेरॉक्स आली, फक्त नाव पेनने भरलेलं. त्या 27 झेरॉक्स एकाखाली एक लावून आमदारांच्या टेबलावर ठेवल्या. भाषण काही केलं नाही. पहिल्यांदाच त्यांनी चष्मा लावून काहीतरी वाचलं, आणि अधिवेशनात प्रश्न टाकायची तयारी दाखवली. शेजारच्या दहा गावांचे तक्ते जोडले तर ते ‘तुमचं गाऱ्हाणं’ राहत नाही. निवेदन संस्थेच्या लेटरहेडवर नको, ग्रामसभांच्या ठरावांसह जाऊ दे, आणि एक प्रत राज्यपालांनाही पाठवा. अनुसूचित क्षेत्रात त्यांचे अधिकार वेगळे आहेत, हे आपले लोक विसरतात.

उपग्रहाच्या फोटोवरून नामंजूर केलं असेल तर त्याचा स्वतंत्र रकाना करा. नियमात उपग्रह चित्र इतर पुराव्याला पूरक म्हणून आहे, त्याऐवजी नाही. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर एक वर्ष नागली, एक वर्ष वरई, मग जमीन पडीक ठेवतात. पडीक वर्षाचा फोटो काढून ‘शेती दिसत नाही’ म्हणणाऱ्याला काय सांगावं! वरकस म्हणजे काय ते ज्याला ठाऊक नाही, तो आमच्या जमिनीचा निकाल देतो. असो, रक्तदाब वाढतो.

बारीकसारीक: जुन्या पावत्या लॅमिनेट करू नका, आमच्या एकाची शाई पसरली. मूळ कागद समोर दाखवा, पण ठेवायला देऊ नका. पोच मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. आणि माहिती अधिकारात आवक रजिस्टरची पानंच मागा, अर्जाची फी दहाच रुपये आहे. हे सगळीकडे चालेलच असं नाही, प्रत्येक तालुक्याची तऱ्हा वेगळी.

तुमच्या 31 पैकी किती जणांच्या हातात नामंजुरीचं पत्र आहे, आणि त्यावर तारीख काय? 60 दिवस उलटायच्या आत असाल तर निवेदन राहू दे बाजूला, आज-उद्या अपिलाचे कागद करायला बसा.