न्यू जर्सीत गाडीचा विमा: ‘मिनिमम’वर भागेल का?

तुम्ही लिहिलंय की पिंपरीहून एडिसनला बदली झालीय, आल्या आल्या सेकंडहँड गाडी घ्यायचीय, आणि डॅलसचा चुलतभाऊ म्हणतोय, “कायद्यापुरता मिनिमम विमा घे, उगाच पैसे घालवू नकोस.” माझं मत विचाराल तर मिनिमम घेऊ नका. आणि त्याचे आकडे तर इथे मुळीच धरू नका.

अमेरिकेत विमा हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. 1945 च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आपल्या आयआरडीएआयसारखं (भारतातल्या विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) सगळ्या देशाला नियम लावणारं एक कार्यालय इथे नाही. चुलतभावाच्या टेक्सासात 30/60/25 वर गाडी रस्त्यावर येते (या आकड्यांचा अर्थ लगेच खाली सांगतो). न्यू जर्सीत 1 जानेवारी 2026 पासून नव्याने निघणाऱ्या किंवा रिन्यू होणाऱ्या स्टँडर्ड पॉलिसीला किमान 35/70/25 लागतं. 2022 मध्ये झालेल्या कायद्याची ही दुसरी पायरी. पहिली 2023 च्या जानेवारीत आली, तेव्हा 15/30/5 चं 25/50/25 झालं. त्यामुळे नेटवर वाचताना आधी तारीख बघा.

आकडे हजार डॉलरमधले. तुमच्या चुकीने अपघात झाला तर जखमी एका माणसामागे 35, सगळ्या जखमींचे मिळून 70, आणि समोरच्याच्या गाडीचं, कुंपणाचं वगैरे नुकसान 25.

आपली गफलत इथेच होते. भारतात थर्ड पार्टी विम्यात माणसाच्या इजेला किंवा मृत्यूला वरची मर्यादा नसते. न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती कंपनी देते. साडेसात लाखांची मर्यादा असते ती कारसाठी, आणि तीही फक्त मालमत्तेच्या नुकसानीला. म्हणून आपण तो आकडा कधी बघतच नाही, विमा आहे ना, झालं. इथे आकडा संपला की कंपनीची जबाबदारी संपली. समजा, तुम्ही डावीकडे वळताना चुकलात आणि समोरच्या एकट्या ड्रायव्हरला 1,20,000 डॉलर द्यायचा निकाल लागला. कंपनी 35,000 देणार, उरलेले 85,000 तुमचे. पगारातून कापून घ्यायचा आदेशसुद्धा निघू शकतो. आणि 25,000 मध्ये आजकालच्या बहुतेक नव्या एसयूव्हीसुद्धा भरून निघत नाहीत. एजंटकडून 100/300/100 चं कोटेशन मागवाच. हप्ता कव्हरच्या पटीत वाढत नाही, हे शेजारी ठेवून पाहिलं की कळेल.

‘बेसिक पॉलिसी’ नावाचा आणखी स्वस्त प्रकार इथे मिळतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यात दुसऱ्याच्या इजेचं कव्हर मुळात नसतंच, वेगळं मागितलं तर 10,000. पण रस्त्यावर अशी पॉलिसी घेतलेले आणि विम्याशिवाय फिरणारे भेटतात, म्हणून तुमच्या पॉलिसीत अनइन्शुअर्ड-अंडरइन्शुअर्ड मोटरिस्टचा (ठोकणाऱ्याकडे विमा नसेल किंवा अपुरा असेल तेव्हाच्या कव्हरचा) आकडा शक्य तितका वर घ्या. तुमच्या बायको-मुलांना ठोकणाऱ्याकडे काही नसेल, तर हेच कामाला येतं.

चूक कोणाचीही असो, आपल्या उपचारांचा खर्च आपल्याच पॉलिसीच्या पीआयपीतून (पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन) होतो. त्याचा आकडा 15,000 पासून अडीच लाख डॉलरपर्यंत निवडता येतो. मी अडीच लाख घेतो. एजंट विचारेल, “हेल्थ इन्शुरन्स प्रायमरी ठेवू का? स्वस्त पडेल.” म्हणजे अपघाताच्या उपचारांचं बिल आधी हेल्थ इन्शुरन्सने भरायचं. हो म्हणण्याआधी एचआरला ईमेल टाकून विचारा, कंपनीचा प्लॅन गाडीच्या अपघाताचा खर्च देतो का. काही देत नाहीत. नोकरी बदलली की हा पर्यायही बदलावा लागेल. दावा लावायचा हक्क ‘लिमिटेड’ ठेवला तर हप्ता बराच उतरतो, पण मग कायमची इजा, हाड सरकलेलं फ्रॅक्चर अशा ठराविक गोष्टी सोडून वेदनेची भरपाई मागता येत नाही. यात मात्र बजेट बघून ठरवा, बहुतेक लोक लिमिटेडच घेतात.

पहिल्या वर्षी कोटेशन बघून डोळे पांढरे होतील. इथली क्रेडिट हिस्टरी (कर्जफेडीची नोंद) नाही, इथलं लायसन्स नवं. निघण्यापूर्वी तिथल्या विमा कंपनीकडून नो-क्लेमचं पत्र इंग्रजीत घेऊन ठेवा. काही कंपन्या ते मानतात, काही ढुंकूनही बघत नाहीत, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारा. आणि पॉलिसी आली की तिचं पहिलं पान, डेक्लरेशन्स पेज, एकेक ओळ वाचा. फोनवर बोललेलं शंभर-तीनशे तिथे छापलेलं नसेल, तर ते नाहीच.