लिलावातलं लेथ मशीन आणताना

बोली तुमच्या नावावर लागली, अभिनंदन! पण लगेच गाडी ठरवू नका. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवरच्या ई-लिलावात माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर मिळतो. चढवणं, बांधणं, नेणं सगळं तुमच्याकडे. आधी माल उचलायची शेवटची तारीख बघा. ती उलटली की जागाभाडं चढायला लागतं.

मग साइटवर फोन करून विचारा:

- वजन किती? सहा फुटी लेथ सहज टनाच्या वर जातं. छोटा हत्ती नको, चारशेसात (टाटा 407 ट्रक) घ्या.
- हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन) शेडच्या आत येतो का, की मशीन रोलरवर ढकलत दारापर्यंत आणायचं?
- गाडी किती वाजेपर्यंत आत घेतात? उशीर झाला की हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचे पैसे, तुमच्या माथी.

नवे लोक हमखास चुकतात ते उतरवण्यात. चढवायला क्रेन सांगतात, आपल्या दारात मात्र चार हमाल. तिथेही हायड्रा हवाच.

उचलताना स्वतः उभे राहा. लेथचं वजन हेडस्टॉककडे (जॉब फिरवणारं टोक) जास्त असतं, म्हणून कॅरेज (हत्यार धरणारा सरकता भाग) टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे, सरकवून लॉक करा. पट्टे बेडखालून (मशीनचा लांब पाया) घ्या. लीडस्क्रूवर (आटे पाडायला कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) ताण आला तर तो वाकतो, मग आटे नीट पडत नाहीत. चार बोटं उचलून थांबवा, तोल बघा, मगच वर घ्या.

परराज्यातून आणताय आणि किंमत 50,000 रुपयांच्या वर आहे? मग ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीचा ऑनलाइन कागद) आधी, गाडी नंतर हलवा. त्यावर गाडीचा नंबर बरोबर आहे ना, तेही तपासा.

परतीच्या ट्रकचं स्वस्त भाडं वगैरे पुढच्या खरेदीला बघू.