काळ्या चौकटींची जर्सी आणि तुटलेला चिमटा

प्रश्न : काका, माझा मुलगा दर रविवारी पहाटे सायकल घेऊन सेमिनरी हिल्सवर जातो. परवा त्यानं एक जर्सी मागवली. पांढरी, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या चौकटी आणि 'प्यूजो' असं नाव. ही तर मोटारींची कंपनी ना? तो म्हणतो, यांची सायकलची टीम होती. होती, मग गेली कुठं?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, मोटारींची खरीच, पण मोटारींच्या आधी त्यांनी सायकली केल्या, 1882 पासून. त्याच्याही आधी करवती आणि कॉफी दळायची यंत्रं. सायकल खपवायची तर शर्यत जिंकून दाखवा, असा तेव्हाचा सरळ हिशेब, म्हणून टीम. तूर द फ्रान्स ही फ्रान्सभर फिरणारी कित्येक दिवसांची सायकल शर्यत 1903 साली सुरू झाली आणि 1905 ते 1908 सलग चार वर्षं प्यूजोचाच गडी पहिला आला.

पण मला या टीमचं 1913 सालच आठवतं, कारण ती आमच्या सायकल दुरुस्तीच्या धंद्यातली गोष्ट आहे. युजेन ख्रिस्तोफ हा प्यूजोचा स्वार त्या वर्षी जिंकायच्या बेतात होता. पिरेनीजमधला तुर्मालेचा घाट उतरताना त्याच्या सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, तुटला. नियम असा, की कोणाची मदत घ्यायची नाही, दुरुस्ती ज्याची त्यानं करायची. गडी सायकल खांद्यावर टाकून चौदाएक किलोमीटर चालत खालच्या गावात गेला. म्हणजे झिरो माइलवरून निघून कामठी जवळ येईस्तोवर, तेही डोंगरातून. तिथं लोहाराची भट्टी होती. लोहारानं नुसतं तोंडानं सांगायचं, हात यानं चालवायचे, आणि शर्यतीचे पंच उभे राहून पाहताहेत!

आता चिमटा सांधणं म्हणजे काय ते ऐका. इतवारीतल्या माझ्या दुकानात एकदा दूधवाल्याचा चिमटा झाळला होता, क्यान लादलेलेच होते. नळी घासून लख्ख करायची, सवागी (टाकणखार) टाकायची, लोखंड लालबुंद झालं की पितळेची कांडी टेकवायची. पितळ पाण्यासारखं फटीत उतरतं. एका हातात चिमटा, दुसऱ्यात कांडी. भाता कोण मारणार? माझ्याकडे पोरगा होता. ख्रिस्तोफनंही तिथल्या एका पोराला भाता मारायला लावलं, आणि त्याबद्दल त्याला वेळेचा दंड झाला. नियम करणाऱ्यानं उभ्या जन्मात तापलं लोखंड धरलं नसेल बाप्पा! त्याचे काही तास गेले, शर्यत हातची गेली, तरी पठ्ठ्या शेवटी सातवा आला. पहिला आला फिलिप तीस, तोही प्यूजोचाच. कंपनीचं काय बिघडलं?

चौकटींची जर्सी बरीच नंतरची, साठच्या दशकातली. ती घालून बेल्जियमच्या एडी मर्क्सनं 1966 साली मिलान–सान रेमो ही इटलीतली शर्यत जिंकली. पुढं तो दुसरीकडं गेला, आणि 1975 मध्ये प्रा-लूच्या चढावर प्यूजोच्याच बेर्नार तेव्हनेनं त्याला मागं टाकून तूर जिंकली. तेव्हनेनं 1977 सालीही जिंकली, मात्र कॉर्टिसोन हे औषध घेत होतो हे पुढं स्वतःच कबूल केलं. टॉम सिम्पसनही याच टीमचा. 1967 च्या जुलैमध्ये माँ व्हाँतूच्या चढावर, रणरणत्या उन्हात, तो कोसळला तो उठलाच नाही. त्या तूरमध्ये देशांचे संघ होते, म्हणून तेव्हा अंगावर ब्रिटनची जर्सी होती. पोटात अँफेटामिन हे उत्तेजक औषध आणि दारू सापडली. ऊन काय करतं हे नागपूरकराला सांगायला नको, पण औषध घेतलं की ऊन कळेनासंच होतं, तिथंच घात झाला.

गेली कुठं, तर पाटी बदलली. 1986 नंतर मुलांचे कपडे करणारी 'झेड' ही कंपनी टीमची मुख्य प्रायोजक झाली आणि प्यूजोचं नाव मागं सरकलं. झेडकडून ग्रेग लेमाँडनं 1990 ची तूर जिंकली. मग पाटी 'गान' या विमा कंपनीची, मग 'क्रेदी आग्रिकोल' बँकेची. 2008 संपता संपता तीही उतरली.

जर्सी पोराला खुशाल घालू द्या. आणि सेमिनरी हिल्सचा उतार तो जोरात मारत असणारच, तेव्हा एकदा सायकल घेऊन दुकानात पाठवा. चिमट्याच्या मानेपाशी, जिथं नळी जुळते, तिथं केसाएवढी चीर पडते. रंगाखाली दिसत नाही, नख फिरवलं की लागते.