वाचकांचे प्रश्न : स्पोर्टी छोट्या गाडीत मागे बसणाऱ्याचे काय?

प्रश्न : माझी उंची १८३ सेंटिमीटर आहे. घरात मी, पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि आई असे चौघे आहोत. आईचे गुडघे दुखतात. इतकी वर्षे साधी हॅचबॅक चालवली. आता दमदार इंजिनाची, वळणावर रस्ता न सोडणारी छोटी गाडी घ्यावी अशी फार इच्छा आहे. गोल्फ जीटीआय, सिव्हिक टाइप आर, जीआर यारिस आणि तीन दारांची मिनी कूपर या चार गाड्या मनात आहेत. माहितीपत्रकांतले आकडे ताडून पाहिले, पण आत जागा किती आणि प्रवास कितपत सुखाचा याचा अंदाज येत नाही. तुलना कशी करावी?

उत्तर : या चारही गाड्या ‘हॉट हॅच’, म्हणजे दमदार इंजिनाची छोटी गाडी, या एकाच नावाखाली विकल्या जात असल्या, तरी आतून त्या एका जातीच्या नाहीत. सध्याच्या सिव्हिक टाइप आरची लांबी ४,५९४ मिलिमीटर आहे, तर जीआर यारिस चार मीटरच्या आत संपते. पण एकूण लांबीपेक्षा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, अधिक बोलके असते. सिव्हिकचा व्हीलबेस २,७३५ मिलिमीटर आहे आणि २०१४ मध्ये आलेल्या पिढीतल्या तीन दारी मिनीचा २,४९५. हा जो २४ सेंटिमीटरचा फरक आहे, तो चालकाला फारसा जाणवत नाही, कारण चालक आपली सीट आपल्या पायांना हवी तिथे सरकवून घेतो. तुटवडा पडतो तो त्याच्या पाठीमागे बसणाऱ्याला. शोरूममध्ये बहुतेक जण स्टीअरिंगमागे बसून गाडी पसंत करतात आणि मागचे दार फक्त उघडून पाहतात. म्हणून आपण पाहणीची सुरुवात मागच्या सीटपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी चालकाची सीट स्वतःसाठी नीट लावावी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, आणि खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. मग सीटला हात न लावता उतरावे आणि तिच्या बरोबर मागे जाऊन बसावे. गुडघा आणि पुढची सीट यांच्यात मूठ मावते का, हे सगळेच पाहतात. त्यापेक्षा पाऊल पुढच्या सीटखाली जाते का, हे पाहणे महत्त्वाचे आहे. पाऊल आत गेले की पोटरी सैल होते आणि गुडघ्यांसमोरची जागा थोडी कमी असली तरी चालते. स्पोर्ट्‌स सीट आकाराने जाड असते आणि काही गाड्यांत तिची पाठ कडक प्लॅस्टिकची असते. अशा एका गाडीत मी तासभर मागे बसलो होतो. जागा मोजायला पुरेशी होती, पण प्रत्येक ब्रेकला गुडघ्याची वाटी त्या प्लॅस्टिकच्या कडेवर आपटत होती, आणि उतरताना तिथे लाल वळ उठला होता.

तिसरी खूण मांड्यांची. छप्पर उतरते असले की मागच्या प्रवाशाचे डोके टेकू नये म्हणून मागची बैठक खाली घेतली जाते. कागदावर डोक्यावरची जागा चांगली दिसते, पण प्रत्यक्षात गुडघे वर येतात, मांड्या बैठकीपासून सुटतात आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. आपल्या आईंच्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे, कारण खालच्या बैठकीतून उठताना पूर्ण जोर गुडघ्यांवरच येतो. बैठकीची कड त्यांच्या गुडघ्यांच्या उंचीच्या जवळपास असेल, तर त्यांना आधाराशिवाय उतरता येईल.

एवढ्यावरूनच दोन नावे बाद होतात. जीआर यारिसला डिकीचे धरून तीनच दारे आहेत, म्हणजे आईंना पुढची सीट दुमडून, अंग वळवून मागे शिरावे लागेल. ही गाडी रॅलीच्या मैदानासाठी घडवलेली आहे आणि ते काम ती उत्तम करते. त्यासाठीच तिचे छप्पर साध्या यारिसपेक्षा खाली घेतले आहे, चारही चाकांना शक्ती देणारी यंत्रणा मागच्या भागात बसवली आहे आणि बॅटरीही डिकीत हलवली आहे. साध्या यारिसच्या डिकीत २८६ लिटर जागा आहे, जीआर यारिसमध्ये १७४. दोघांच्या संसाराला ती शोभेल, आपल्या चौघांना नाही. तीन दारी मिनीचीही अडचण तीच आहे; मात्र मिनी मनातून जातच नसेल, तर त्याच पिढीतली पाच दारी मिनी पाहावी. तिचा व्हीलबेस ७२ मिलिमीटरने जास्त आहे आणि डिकी २११ ऐवजी २७८ लिटरची आहे.

उरल्या गोल्फ आणि सिव्हिक. मागच्या जागेत सिव्हिक सरस आहे यात शंका नाही, पण तिच्या मागच्या बाकावर दोघांचीच सोय आहे; मधल्या जागी पेले ठेवायचे खण आहेत. पाचवा माणूस कधीच बसणार नसेल, तरच तिचा विचार करावा. गोल्फ कागदावर पाच जणांची आहे, पण तळातून जाणारा मधला उंचवटा चांगलाच मोठा असल्याने मधल्या माणसाला दोन पाय दोन बाजूंना टाकून बसावे लागते.

सुखाचा प्रश्न बराचसा टायरवर ठरतो. टायरवरच्या आकड्यांत पहिला आकडा रुंदीचा असतो आणि दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे, हे सांगतो. २२५/४५ टायरची भिंत सुमारे १०१ मिलिमीटर भरते. सिव्हिक टाइप आरच्या २६५/३० टायरची भिंत जेमतेम ८० मिलिमीटर आहे, आणि तीही आधीच्या पिढीतल्या २० इंची चाकांऐवजी कंपनीने १९ इंची चाके दिल्यानंतरची. खड्ड्याचा पहिला घाव ही रबराची भिंतच झेलते. म्हणून एकाच गाडीत दोन आकारांची चाके मिळत असतील, तर लहान चाक निवडावे. दिसायला थोडे कमी वाटेल, पण मागे बसलेल्यांना रोज बरे वाटेल.

डिकीच्या लिटरवर फार विसंबू नये. हे माप बहुधा २० × १० × ५ सेंटिमीटरचे ठोकळे रचून घेतात आणि ते कोनाकोपऱ्यांतही मावतात. आपली बॅग मावत नाही. ह्युंदाईच्या पहिल्या पिढीच्या आय-३० एन या अशाच स्पोर्टी गाडीच्या काही नमुन्यांत तर सांगाडा ताठ राहावा म्हणून मागच्या सीटमागे आडवी दांडी आहे. सीट दुमडल्या, तरी लांब सामान त्या दांडीला अडते. मुलीची सीट आणि रोजची मोठी बॅग पाहणीच्या वेळी सोबतच न्यावी.

माझे मत विचाराल, तर आपल्या घरासाठी गोल्फ, लहान चाकांसह, आणि मिळत असल्यास हवे तसे मऊ-कडक करता येणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरसह. सिव्हिकची जागा मोहात पाडणारी आहे, पण तिचा ताठपणा आईंच्या गुडघ्यांना लांबच्या प्रवासात सोसेल असे मला वाटत नाही.

प्रश्न : माझी कंबर अधूनमधून धरते. गाडी ‘कडक’ आहे की ‘त्रासदायक’ आहे, हे दहा मिनिटांच्या चाचणीत कसे ओळखावे?

उत्तर : दहा मिनिटांत ते कळत नाही, किमान अर्धा तास मागून घ्यावा. कडक आणि त्रासदायक यांत आपण केलेला फरक योग्य आहे. बसलेल्या माणसाच्या शरीराला सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणारी वर-खाली थरथर सर्वांत जास्त जाचते. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी एकदाच हलून स्थिरावली, तर ती कडक असूनही चांगली आहे असे समजावे. खरबडीत रस्त्यावर बारीक थरथर थांबतच नसेल, तर ती आपल्यासाठी नाही. चाचणीचा अर्धा वेळ दुसऱ्याला चालवायला देऊन मागे बसावे, कारण तिथे आपण मागच्या चाकांच्या जवळ असतो आणि धक्का जास्त जाणवतो.

सीटच्या बाजूंचे उंचवटे वळणावर अंग धरून ठेवतात, पण ते बरगड्यांना किंवा मांड्यांना आतून दाबत असतील, तर अर्ध्या तासाने माणूस नकळत तिरका बसू लागतो आणि कंबर तिथेच धरते. बैठकीचा पुढचा भाग वर-खाली करता येतो का आणि कमरेचा आधार हवा तसा पुढे घेता येतो का, हे जरूर पाहावे.

प्रश्न : काचेच्या छपरामुळे आत मोकळे वाटते. उंच माणसाने ते घ्यावे का?

उत्तर : मोकळे वाटते हे खरे, पण उघडणाऱ्या काचेची चौकट आणि पडदा यांमुळे डोक्यावरची काही सेंटिमीटर जागा जाते. आपण जी गाडी घेणार आहात, तिच्यात तेच छप्पर असलेल्या नमुन्यात बसून पाहावे; साध्या छपराच्या गाडीत बसून अंदाज बांधू नये. सीट सर्वांत खाली घेऊनही केस छताला लागत असतील, तर साधे छप्परच घ्यावे.