शांघायचा पहिला महिना: नदी दिसणारं हॉटेल नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली नोकरी सोडून तुम्ही शांघायच्या झांगजियांग भागातल्या एका कंपनीत रुजू होताय. २८ सप्टेंबरला रात्री अकराला पुडोंग विमानतळावर उतरणार. कंपनी महिनाभराच्या हॉटेलचा खर्च देणार, पण हॉटेल तुम्हीच शोधायचं. बायको आणि मुलगी डिसेंबरात येणार. 'बंड'वरचं, म्हणजे शहरातल्या प्रसिद्ध नदीकाठावरचं, खिडकीतून नदी दिसणारं एक हॉटेल तुमच्या मनात भरलंय. ते घेऊ का, शहरात फिरायचं कसं, आणि कुकर आणू का?

मी इथे २०१३ पासून राहते. तुमच्यासारखीच एकटी, दोन बॅगा घेऊन आले होते. म्हणून आधी सांगते, ते हॉटेल घेऊ नका. आणि जमत असेल तर तारीखही बदला.

तारखेचं आधी. १ ऑक्टोबर हा इथला राष्ट्रीय दिन आणि त्याला जोडून आठवडाभर सुट्टी. तुम्ही कामाच्या झेड व्हिसावर येणार. त्यावर देशात शिरल्यापासून तीस दिवसांत रेसिडन्स परमिटचा, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो, आणि त्याआधी वैद्यकीय तपासणी, वर्क परमिटचे कागद वगैरे. म्हणजे उतरल्या उतरल्या तीसांतला एक आठवडा गेला, कारण सरकारी कचेऱ्या बंद आणि तुमच्या कंपनीतली कागदपत्रं बघणारी बाईही गावी गेलेली. शिवाय त्याच आठवड्यात हॉटेलांचे दर कडाडतात. ८ ऑक्टोबरनंतर या. कंपनी ऐकत नसेल तर निदान ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी या, म्हणजे तपासणी तरी उरकेल.

आता हॉटेल. पर्यटकासाठी हॉटेल म्हणजे झोपायची जागा. तुमच्यासाठी मात्र तो पहिल्या महिन्याचा सरकारी पत्ता आहे, हे डोक्यात ठेवलं की निवड सोपी होते. परदेशी माणूस कुठे उतरलाय याची नोंद पोलिसांकडे २४ तासांत व्हावी लागते. हॉटेलात ती काउंटरवरच होते. ओळखीच्या माणसाच्या घरी उतरलात तर स्वतः करावी लागते. त्या नोंदीचा छापील कागद काउंटरवरून मागून घ्या. 'झूसू देंगजी', म्हणजे निवासाची नोंद, एवढे दोन शब्द म्हटले तरी कळतं. परमिटच्या अर्जाला तो लागतो.

परमिटसाठी पासपोर्ट जमा केला की काही दिवस तुमच्या हातात फक्त पावती असते. कायद्याने ती पावती चालते. पण रात्री दहाला काउंटरवर एकटा बसलेला पोरगा ती उलटीपालटी करून बघतो, मग साहेबांना फोन लावतो, आणि तुम्ही ताटकळता. म्हणून त्या दिवसांत हॉटेल बदलायचं नाही. पहिला आठवडा इथे, दुसरा तिथे असा बेत असेल तर तो सोडा. सिमकार्डही पासपोर्ट जमा करण्याआधीच घ्या.

माझी स्वतःची फजिती सांगते. मी आले तेव्हा आठ दिवसांसाठी एक स्वस्तातलं हॉटेल ऑनलाइन घेतलं होतं, पैसेही भरलेले. रात्री साडेअकराला पोचले तर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्टचं कव्हर बघूनच हात हलवला. परदेशी लोक ठेवायची परवानगी नाही म्हणाली. शेजारच्या दुसऱ्या हॉटेलात तेच. तिसऱ्याने ठेवून घेतलं, तेव्हा दीड वाजला होता आणि एका बॅगेचं चाक फुटपाथवर कुठेतरी राहिलं होतं. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. २०२४ मध्ये सरकारने स्पष्ट सांगितलं की परदेशी म्हणून हॉटेलांनी कुणाला नाकारायचं नाही. तरी लहान हॉटेलातल्या माणसाला नोंद कशी करायची हेच माहीत नसतं, आणि मध्यरात्री त्याला नियम शिकवण्यात अर्थ नाही. त्यामुळे हानतिंग, जी, अटूर, जिनजियांग इन अशा साखळ्यांतलं हॉटेल घ्या, आणि निघण्याआधी बुकिंगच्या ॲपवरून 'भारतीय पासपोर्टची नोंद करता ना?' असं विचारून उत्तर जपून ठेवा. मधल्या दर्जाची खोली साधारण ३५० ते ५५० युआनला मिळते. एक युआन म्हणजे बारा-तेरा रुपये धरा.

बुकिंग करताना आणखी एक घोळ टाळा, तो खास आपला आहे. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं नाव अधिक वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या रकान्यात असतं. काउंटरवरची मुलगी पासपोर्ट स्कॅनरवर ठेवते, पडद्यावर तीन शब्दांची मालगाडी उमटते, आणि ती भलताच डबा पकडून बुकिंग शोधत बसते. मधलं नाव गाळून बुकिंग केलेलं असेल तर झालंच. पासपोर्टवर आहे तसं, त्याच क्रमाने, तिन्ही शब्दांसकट नाव द्या. अलीपे, वीचॅट ही पैसे द्यायची ॲप्स आणि रेल्वेचं तिकीट, यांनाही हेच लागू.

आता जागा. हुआंगपू नदीने शहराचे दोन भाग केलेत: पश्चिमेला पुशी, म्हणजे जुनं शहर, आणि पूर्वेला पुडोंग. बंड पुशीच्या काठावर आहे, तुमचं झांगजियांग पुडोंगमध्ये बरंच आत. दोन्हीकडे मेट्रोची लाइन दोन जाते, म्हणून नकाशावर तुम्हाला ते सोयीचं वाटलं असणार. पण बंडचं स्टेशन नानजिंग ईस्ट रोड. तिथून नदीपर्यंत दहा-पंधरा मिनिटं पायपीट, तीही पर्यटकांच्या लोंढ्यातून. राष्ट्रीय दिनाच्या आठवड्यात तर संध्याकाळी गर्दी आवरेना म्हणून मेट्रो ते स्टेशन न थांबता सोडून जाते. दिवसभर फिरून दमून येताय आणि गाडी तुमच्या स्टेशनावरून भर्रकन पुढे, हे एकदा झालं की नदीचं कौतुक ओसरतं. नदी बघायला रविवारी जा. २ युआनची फेरीबोट या काठाहून त्या काठाला नेते, वारा खात, आणि तेच दिवे दिसतात. नदीखालून जाणारा पर्यटकांचा बोगदा आहे, त्यात ५० युआन घालवू नका. मी घालवलेत.

मी तुमच्या जागी असते तर लाइन दोनवर सेंच्युरी अव्हेन्यू ते लोंगयांग रोड या टप्प्यात हॉटेल बघितलं असतं. लोंगयांग रोडहून झांगजियांग एकच स्टेशन, विमानतळाची मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या जोरावर धावणारी वेगवान गाडी तिथेच येते, आणि परमिटची मुख्य कचेरी याच लाइनवर सायन्स ॲण्ड टेक्नॉलॉजी म्युझियम स्टेशनाजवळ, मिनशेंग रोडवर आहे. सेंच्युरी अव्हेन्यूला चार लाइनी मिळतात, त्यामुळे घरं बघत फिरायला बरं. परिसर रुक्ष आहे, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी रमतगमत फिरायला पुशीतला जिंगआन टेंपलचा भाग शंभर पटींनी सुंदर. पण तिथून झांगजियांग दहा स्टेशनं, आणि सकाळच्या लाइन दोनमध्ये तुम्ही हँडलला नाही, माणसांना धरून उभे असता. अगदी ऑफिसच्या दारातही राहू नका. शनिवार-रविवारी तिथे खाण्याचे वांधे होतात.

स्टेशनापासून अंतर बघताना स्टेशनाचं नाही, दाराचं बघा. पीपल्स स्क्वेअरसारख्या स्टेशनाला वीसेक दारं आहेत आणि चुकीच्या दाराने वर आलात तर आठ पदरी रस्ता मध्ये. 'स्टेशनापासून ३०० मीटर' म्हणजे कोणत्या दारापासून, ते नकाशात तपासा आणि दाराचा आकडा लिहून ठेवा.

खोलीबद्दल दोन-तीन गोष्टी. स्वस्त खोल्यांत काहींना खिडकीच नसते, किंवा असते ती आतल्या बोळात उघडणारी. वर्णनात तसं लिहिलेलं असतं पण कुठेतरी खाली, बारीक. महिनाभर राहायचंय, खिडकी असलेलीच घ्या. गाद्या टणक असतात. आपल्याला सतरंजीची सवय, आपलं जमतं. टूथब्रश आणि कंगवा खोलीत ठेवलेला नसेल. कचरा कमी व्हावा म्हणून २०१९ पासून शांघायच्या हॉटेलांनी या वस्तू आपणहून द्यायच्या नाहीत असा नियम आहे. मागितल्या की देतात.

फिरण्याची खरी किल्ली फोनमध्ये आहे आणि ती पुण्यातच घडवून आणायची. अलीपे आणि वीचॅट दोन्ही उतरवून घ्या, पासपोर्टची ओळख पटवा, आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेली दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं जोडा. ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवर येणार, म्हणून ते सिम रोमिंगसह चालू ठेवा. हे विसरलेला माणूस इथे पहिल्या दिवशी चहाचे पैसे देऊ शकत नाही. परदेशी कार्डावर २०० युआनच्या आतल्या खरेदीला जादा आकार नाही, वर गेलं की ३ टक्के. रोमिंगचा दुसरा फायदा म्हणजे व्हॉट्सॲप आणि गूगल त्यावर चालतात. हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत.

गूगलचा नकाशा चालला तरी वापरू नका. इथले नकाशे मुद्दाम सरकवलेल्या अक्षांश-रेखांशांवर बेतलेले असतात, त्यामुळे गूगल तुम्हाला पलीकडच्या गल्लीत उभं करतो. 'अमॅप' वापरा, इंग्रजीतही आहे.

मेट्रो सोपी आहे. अलीपेतला क्यूआर कोड आत जाताना दाखवायचा, बाहेर पडताना दाखवायचा, ३ युआनपासून भाडं. दर स्टेशनवर बॅग यंत्रातून जाते. पाण्याची बाटली दिसली की कधी कधी एक घोट प्यायला सांगतात. रात्री साडेदहा-अकरानंतर गाड्या आटोपतात. विमानतळाकडे जाताना गाडीवरची पाटी बघा, बऱ्याच गाड्या विमानतळाच्या अलीकडे, गुआंगलान रोडलाच संपतात.

टॅक्सी अलीपेमधल्या 'दीदी' या टॅक्सीसेवेतून बोलवा, ठिकाण आपणच टाकायचं असल्याने बोलायला लागत नाही. फक्त एक वाक्य तुम्हाला ऐकू येणार: 'शौजी वेइहाओ?' म्हणजे फोन नंबरचे शेवटचे चार आकडे काय? ते चिनीत पाठ करा. आणि एक गंमत: आकडे सांगताना एकला 'यी' न म्हणता 'याओ' म्हणतात. माझ्या नंबरात दोन एक आहेत. पहिल्या आठवड्यात दर ड्रायव्हर माझ्याकडे वळून बघायचा.

पत्त्यांत दिशा जपा. नानजिंग ईस्ट आणि नानजिंग वेस्ट हे वेगळे रस्ते समजा, आणि झोंगशान रोड तर शहराला वळसा घालतो, त्याचे उत्तर-दक्षिण आणि एक-दोन असे तुकडे आहेत. एक शब्द चुकला की तासाचा फेरा. जुन्या मध्यवर्ती भागात एक खूण कामी येते: शहरांच्या नावाचे रस्ते (बीजिंग, नानजिंग, फूझौ) बहुतेक पूर्व-पश्चिम जातात आणि प्रांतांच्या नावाचे (सिच्वान, हनान, शानदोंग) उत्तर-दक्षिण. रस्ता ओलांडताना हिरवा दिवा असला तरी दोन्हीकडे बघा. विजेवरच्या दुचाक्या आवाज न करता येतात, फुटपाथवरूनही.

उतरायच्या रात्रीचं. अकराला विमान, मग इमिग्रेशन आणि सामान, म्हणजे बारा वाजणार. मॅग्लेव्ह आणि मेट्रो दोन्ही मिटलेल्या असतील. आतल्या दालनात 'टॅक्सी, टॅक्सी' करत कुणी बॅगेला हात घातला तर सरळ पुढे चालू लागा आणि पाट्या बघत अधिकृत रांगेत उभे राहा. हॉटेलचं नाव, पत्ता आणि फोन नंबर चिनी अक्षरांत मोठ्या टायपात छापून कागद खिशात ठेवा. फोन बंद पडला तरी कागद चालतो, आणि पन्नाशीचा ड्रायव्हर मोबाइलचा पडदा हातभर लांब धरून वाचत बसत नाही. उशिरा पोचणार असल्याचं हॉटेलला आधी कळवा, नाहीतर खोली दुसऱ्याला देऊन टाकतात.

शाकाहारी आहात असं लिहिलंय. 'वो छी सू', म्हणजे मी शाकाहारी खातो, एवढं पाठ करा, तरी भाजीवर खिमा येतो कधीमधी. नानजिंग वेस्ट रोडवर १९२२ पासूनचं गोंगदेलिन आहे, तिथे निर्धास्त जेवा. हॉटेलच्या न्याहारीत तांदळाची पेज, वाफवलेला पाव, सोयाचं दूध असतं. पेजेत आपलं लोणचं घातलं की जमतं.

कुकर आणा, पण हॉटेलात काढू नका, धुराचा भोंगा वाजतो. घर मिळालं की काढा. इथे गॅसच्या शेगडीबरोबर इंडक्शनही सर्रास असतं, म्हणून बूड इंडक्शनवर चालणारं बघा. आणि रबरी रिंगा दोन जादा घ्या, त्या मापाच्या इथे मिळत नाहीत.