ड्रॉइंग बरोबर, मग कापलेला जॉब लहान का आला?

प्रश्न: नमस्कार ताई, मी सांगलीत बँकेत नोकरी करतो, वर्कशॉपचा अनुभव अजिबात नाही. दोन महिन्यांपूर्वी 3018 सीएनसी (कॉम्प्युटरवरून चालणारं कोरायचं-कापायचं छोटं मशीन) मागवून घरीच जोडलं. घराच्या नावाची पाटी करायची होती, ‘आईची सावली’. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग केलं, 6 मिमी एमडीएफमधून (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) अक्षरं कापायला घेतली. चुकू नये म्हणून फीड, म्हणजे बिट (फिरत कापणारं पातं) पुढे सरकायचा वेग, मिनिटाला 100 मिमी ठेवला, एका पासात (रेघेवरून बिट एकदा नेताना) 3 मिमी खोली. आधी ट्रायलला 60 मिमीचा चौकोन कापला तो 56.8 भरला, अक्षरांच्या शिरोरेषेत मध्ये मध्ये उभ्या चिरा पडल्या, कडा जळाल्या आणि शेवटी बिटच तुटलं. मशीन खराब आहे का?

उत्तर: मशीन चांगलं आहे हो, परत करू नका. तुमच्याकडे 3.175 मिमीचं बिट असणार, मशीनबरोबर बहुतेक त्याच मापाचं दांडकं येतं. आता 60 मधून 56.8 वजा करा, 3.2. म्हणजे बिटाचं केंद्र बरोबर तुमच्या रेघेवरून गेलं आणि दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं बिट चौकोनात घुसलं. खात्री करायची तर 120 चा चौकोन कापून बघा, तो 116.8 आला तर हेच कारण, पण 113.6 च्या आसपास आला तर मात्र स्टेप्सचं सेटिंग, म्हणजे एक मिमी सरकायला मोटरने किती पावलं टाकायची ते, चुकलंय (3018 ला साधारण 800 असतं, मोटरच्या एका फेरीतल्या 200 स्टेप गुणिले प्रत्येक स्टेपचे 16 बारीक भाग, भागिले स्क्रूचे एका फेरीतले 4 मिमी). खूप जण हे न तपासता आधी ते 800 च बदलतात आणि मग सगळीच मापं बिघडतात, ते कृपया करू नका.

ड्रॉइंग म्हणजे जॉब कसा हवा ते, आणि टूलपाथ म्हणजे बिट कुठून चालणार ते. या दोन गोष्टी वेगळ्या, आणि मधलं ठरवणं आपलं काम. तुकडा हवा असेल तर ‘रेघेच्या बाहेरून’, भोक हवं असेल तर ‘आतून’, नुसती कोरायची रेघ असेल तर ‘रेघेवरून’. हे कॅम सॉफ्टवेअरमध्ये (ड्रॉइंगवरून टूलपाथ बनवणारं) प्रत्येक आकाराला वेगळं सांगावं लागतं. आणि बिट गोल आहे त्यामुळे आतला कोपरा कधीच काटकोनी येणार नाही, तो नंतर पटाशीने काढायचा.

आता शिरोरेषा. तुम्ही देवनागरीत पाटी करताय याचा मला फार आनंद झाला, कारण शिकवायचे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी अक्षरांवर असतात आणि तिथे ही अडचणच येत नाही, ती अक्षरं सुटी उभी असतात. आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि तो शेजारच्या तुकड्यावर थोडा चढलेला असतो, काना-वेलांटीचंही तेच. स्क्रीनवर सगळं काळं भरलेलं म्हणून दिसत नाही, पण बिटाला फक्त बाह्यरेषा कळते, ते प्रत्येक तुकड्याची कड कापत जातं. त्यामुळे मजकूर आधी ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, अनग्रुप करा, सगळं सिलेक्ट करून ‘युनियन’ करा आणि मग आउटलाइन मोडमध्ये झूम करून बघा की शब्दाभोवती एकच सलग रेघ आहे ना. एकदा पाथ झाला की शुद्धलेखन सुधारता येत नाही म्हणून मूळ फाइलची कॉपी ठेवा. ‘व’च्या पोटातली जागा बिटापेक्षा अरुंद असेल तर बिट तिथे जाणारच नाही, फॉन्ट जाड-मोठा घ्या किंवा 1.5 मिमीचं बिट लावा.

कडा जळणं हे फीडचं. हळू म्हणजे सुरक्षित असं वाटतं पण उलट होतं, बिट कापायच्या ऐवजी एकाच जागी घासत राहतं आणि तापतं. साधा हिशोब, आरपीएम (बिटाच्या मिनिटाला फेऱ्या) गुणिले बिटाच्या धारा गुणिले एका धारेनं उचलायची जाडी. 10000 गुणिले 2 गुणिले 0.03 म्हणजे मिनिटाला 600 मिमी. 400 पासून सुरू करा, कान देऊन ऐका, मग वाढवा. खोली मात्र एका पासात 1 मिमीच, 6 मिमीला सहा पास. शेवटच्या पासात सुटलेला तुकडा हलून बिटात अडकतो, तुमचं बिट बहुधा तिथेच गेलं, म्हणून कॅममध्ये तीन-चार टॅब (तुकडा धरून ठेवणारे न कापलेले छोटे सांधे) ठेवा आणि नंतर ते करवतीनं कापा.

झेड झिरो करताना, म्हणजे बिटाचं टोक बोर्डाला टेकतं ती उंची शून्य धरताना, बिट हळूहळू खाली आणा आणि त्याखाली साधा झेरॉक्सचा कागद सरकवत ठेवा, तो अडकला की थांबा, कागद साधारण 0.1 मिमी असतो. पहिल्यांदा झिरो 10 मिमी वर धरून हवेतच पूर्ण प्रोग्राम चालवा, हात स्विचवर. आणि एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, एन-95 मास्क आणि गॉगल लावल्याशिवाय चालू करूच नका, घरात लहान मूल असेल तर खोलीचं दार बंद ठेवा.

प्रश्न: याच मशीनवर ॲल्युमिनियम होईल का? (याच वाचकांचा पुढचा प्रश्न)

उत्तर: नाव कोरणं होईल. पातळ पत्राही कापता येतो, पण एका धारेचं बिट लावून एका पासात 0.1 मिमी असं, आणि चिप्स ब्रशने सतत बाजूला करत, नाहीतर त्या बिटाला चिकटतात. स्टीलला 3018 ची फ्रेम पुरत नाही, ती वाकते. आधी पाटी पूर्ण करा, ट्रायलला एमडीएफ आणि मग वखारीतून सागवानाचा तुकडा आणून त्यावर.