निवडणूक लांबली म्हणून काँगोच्या किन्शासात रस्ते पेटले. गोव्यात पंचायत निवडणूक लांबवली तर लोकांनी काय करावं?

किन्शासात दाद मागायला जागाच उरली नव्हती. राष्ट्राध्यक्ष कबिलांची मुदत डिसेंबर 2016 मध्ये संपत होती, तरी घटना न्यायालयानं त्यांना खुर्चीवर राहू दिलं. सप्टेंबरच्या आंदोलनात कितीतरी माणसं मेली, मतदान झालं थेट 30 डिसेंबर 2018 ला.

आपल्याकडे घटनेच्या कलम 243-ई प्रमाणे पंचायतीची निवडणूक पाच वर्षांची मुदत संपण्याआधीच व्हायला हवी. 2022 मध्ये सरकारनं पावसाचं कारण पुढे केलं, तेव्हा उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं 45 दिवसांची मुदत घालून दिली आणि 10 ऑगस्टला मतदान झालंसुद्धा. मोर्चा जरूर काढा, पण शांततेत. याचिका मात्र मुदत संपायच्या आधीच दाखल करा. उशीर झाला की पंचायतीवर प्रशासक बसतो.